कॅन्ससची विजेतेपदं चार की सहा? आकडे का जुळत नाहीत आणि ते कसे जुळवायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाचा इतिहास तुम्ही मराठीत लिहायला घेतलाय आणि पहिल्याच आठवड्यात अडकलात. राष्ट्रीय विजेतेपदं एका ठिकाणी चार, दुसऱ्या ठिकाणी सहा. एकूण विजयांत कुठे कॅन्सस पहिला, कुठे केंटकी विद्यापीठ. कोच कुठे आठ, कुठे दहा. आणि ज्या जेम्स नेस्मिथने हा खेळ शोधला, तो या संघाचा जिंकण्यापेक्षा जास्त हरलेला एकमेव कोच. "यातलं खरं कुठलं धरू, आणि लेखाचा क्रम कसा ठेवू?" असं तुम्ही विचारलंय.

बहुतेक सगळंच खरं आहे. प्रत्येक आकडा कुणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी नियमाने मोजलेला असतो. तो नियम शेजारी लिहिला नाही की आकडे एकमेकांशी भांडायला लागतात. म्हणून लेख लिहिण्याआधी एक वही करा, आणि वहीत आकड्याच्या बाजूला मोजणीचा नियमही टिपा. किती खोलात जायचं ते लेखाच्या लांबीवर ठरवा. दिवाळी अंकातल्या चार पानांसाठी वीस-पंचवीस हंगाम नीट तपासले तरी पुरे. पुस्तक करायचं असेल तर १८९८-९९ पासूनचा एकेक हंगाम पाहावा लागेल, त्याला पर्याय नाही.

वहीत सहा रकाने आखा: हंगाम, कोच, मैदानावरचा निकाल, आजचा अधिकृत निकाल, कॉन्फरन्स (आपसात नियमित खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) आणि शेवटचा महत्त्वाचा सामना (तारीख, गाव, प्रतिस्पर्धी, गुण). निकालाचे रकाने दोन कशाला, ते पुढे कळेल. हंगाम कधीही एका सालाने लिहू नका. अमेरिकन कॉलेज बास्केटबॉल नोव्हेंबर-डिसेंबरात सुरू होतं आणि मार्च-एप्रिलमध्ये संपतं. कॅन्ससचा गाजलेला खेळाडू विल्ट चेंबरलेन मुख्य संघाकडून पहिल्यांदा उतरला ३ डिसेंबर १९५६ रोजी (नॉर्थवेस्टर्नविरुद्ध ५२ गुण, ३१ रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू) आणि गाजलेली अंतिम लढत झाली २३ मार्च १९५७ रोजी. हा एकच हंगाम, १९५६-५७. एका सालाने लिहिलंत की तो दोन वर्षांत विभागला जातो, आणि वाचकाला वाटतं चेंबरलेन तिथे तीन-चार वर्षं खेळला. तो दोनच हंगाम खेळला.

आता विजेतेपदं. अमेरिकेतले कॉलेज खेळ चालवणारी संस्था म्हणजे एनसीएए; तिची राष्ट्रीय स्पर्धा १९३९ मध्ये सुरू झाली. ती कॅन्ससने चारदा जिंकली: १९५२, १९८८, २००८ आणि २०२२. उरलेली दोन, १९२२ आणि १९२३ ची, हेल्म्स ॲथलेटिक फाउंडेशनने दिलेली आहेत. ही संस्था लॉस एंजेलिसची, स्थापना १९३६ ची. म्हणजे १९२२ च्या वसंतात विद्यापीठाच्या लॉरेन्स गावात कुणी राष्ट्रीय चषक उंचावला नव्हता. जुने निकाल पाहून "त्या वर्षीचा सर्वोत्तम संघ हा" असं या संस्थेने मागाहून ठरवलं. १९२३ च्या संघाचा निकाल १७-१ होता, तेव्हा निवड काही उगाच नव्हती. पण ती निवड होती, स्पर्धा नव्हती. आपल्याकडे पंचरंगी सामने जिंकल्याचा अभिमान असला तरी ते कुणी रणजीच्या विजेतेपदांत मिळवत नाही, तसंच हे. माझं मत विचाराल तर मजकुरात "चार" लिहा आणि लगेच पुढच्या वाक्यात हेल्म्सची दोन सांगा. नुसतं "सहा" लिहिणं म्हणजे संघाच्या जाहिरात खात्याचं काम फुकटात करणं.

अंतिम फेरीत हरल्याची वर्षंही तितक्याच काळजीने लिहा, कारण ती विजेतेपदांपेक्षा जास्त आहेत: १९४०, १९५३, १९५७, १९९१, २००३, २०१२. दहा अंतिम सामने, चार विजय. १९५३ मध्ये इंडियानाकडून ६९-६८, म्हणजे एका गुणाने. १९५७ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाकडून ५४-५३, पुन्हा एका गुणाने. २००३ मध्ये सिरॅक्यूजकडून ८१-७८. तो सामना शेवटच्या सेकंदांत अडवलेल्या थ्रीसाठी (लांबून फेकलेल्या तीन गुणांच्या चेंडूसाठी) सांगितला जातो, पण गुणपत्रक उघडलंत तर वेगळीच ओळ डोळ्यात भरते: कॅन्ससने ३० फ्री थ्रो (फाऊलनंतरच्या एकेका गुणाच्या मोकळ्या फेकी) घेतले आणि १२ घातले. तीन गुणांनी हरलेल्या सामन्यात अठरा फ्री थ्रो वाया. नाट्यमय क्षण कुणीही लिहील, तुम्ही गुणपत्रक वाचा.

कोचचा घोळ सोडवायला बेरीज करून बघणं हा माझा नेहमीचा उपाय. २००३ पर्यंतचे सात मुख्य कोच आणि त्यांचे विजय असे: नेस्मिथ ५५, हॅमिल्टन १२५, फॉग ॲलन ५९०, डिक हार्प १२१, टेड ओवेन्स ३४८, लॅरी ब्राऊन १३५, रॉय विल्यम्स ४१८. बेरीज १,७९२. संघाचे तोपर्यंतचे विजय मात्र १,८०१ भरतात. नऊ विजय गेले कुठे? १९१९-२० चा पहिला सामना कार्ल श्लाडेमन यांच्या हाताखाली झाला, ते जिंकले, आणि उरलेला हंगाम ॲलनकडे गेला. एक सामना, एक विजय. १९४६-४७ मध्ये ॲलन आजारी पडले आणि उरलेले १४ सामने हॉवर्ड एंगलमन यांनी सांभाळले: ८ जिंकले, ६ हरले. आठ अधिक एक, नऊ. २००३ मध्ये आलेल्या बिल सेल्फना धरून मुख्य कोच आठ, आणि हे दोघे मिळवले तर दहा. दोन्ही याद्या बरोबर. बेरीज जुळत नसेल तर आकडा चुकला असं आधी समजू नका, मधल्या काळात कुणीतरी बदली माणूस उभा असतो.

ॲलनबाबत आणखी एक खड्डा आहे. कुठे त्यांचे विजय ५९० दिसतील, कुठे ७४६. पहिला आकडा फक्त कॅन्ससचा, दुसरा सगळ्या कॉलेजांचा मिळून. ते दोनदा आले: १९०७ ते १९०९ आणि १९१९ ते १९५६. १९०८-०९ मध्ये तर कॅन्सस, बेकर आणि हॅस्केल असे तीन संघ एकाच हंगामात सांभाळत होते. आज हे ऐकायला विचित्र वाटतं, पण त्या काळी कोच ही पूर्णवेळ नोकरी नव्हतीच.

नेस्मिथचं कोडंही इथेच सुटतं. त्यांनी डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला, वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या प्रशिक्षण शाळेत, हा खेळ तयार केला. हिवाळ्यात तरुणांना घरात बंद करून व्यायाम द्यायचा, एवढाच हेतू. नियम तेरा, आणि टोपल्या पीच फळांच्या. १८९८ मध्ये ते कॅन्ससला आले ते शारीरिक शिक्षण आणि प्रार्थनासभेची जबाबदारी घेऊन. बास्केटबॉल संघ जिंकवण्यासाठी त्यांना कुणी नेमलं नव्हतं. पहिला सामना ३ फेब्रुवारी १८९९ रोजी कॅन्सस सिटीच्या वायएमसीएविरुद्ध, आणि तो १६-५ असा हरले. समोरचे संघ बरेचदा वायएमसीए आणि क्लबांचे असत, ज्यांना हा खेळ या विद्यार्थ्यांपेक्षा जास्त सवयीचा. नेस्मिथ स्वतः अनेकदा पंच म्हणून उभे राहत. नऊ हंगामांत ५५ विजय, ६० पराभव. "जनकालाच खेळ जमला नाही" हे वाक्य वाचायला चटकदार आहे, पण ते लिहू नका. "कोच" या शब्दाचा आजचा अर्थ त्या माणसावर मागून लादलाय. तो अर्थ घडवला त्यांच्याच विद्यार्थ्याने, ॲलनने.

आता दोन रकान्यांचं कारण. २०१७-१८ च्या हंगामात कॅन्सस राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत पोचला. पुढे चौकशी झाली, एक खेळाडू अपात्र होता असं ठरलं, आणि ऑक्टोबर २०२३ च्या निर्णयाने त्या हंगामातले १५ विजय आणि शेवटच्या चारांतला प्रवेश रद्द झाला. २०२२ मध्ये कॅन्ससने एकूण विजयांत केंटकीला मागे टाकलं होतं. हे १५ वजा झाले आणि केंटकी पुन्हा वर गेला. तुम्हाला दिसलेला विरोधाभास एवढाच: एक लेख २०२३ च्या आधीचा, दुसरा नंतरचा. शेवटच्या चारांत पोचल्याची संख्या मैदानावर १६, कागदावर १५. असा आकडा लिहाल तेव्हा "अमुक तारखेपर्यंत" हे शब्द वगळू नका.

रद्द झालेला विजय आणि बहाल केलेला विजय यांत मात्र गल्लत होते. विजय रद्द झाला की जिंकणाऱ्याच्या खात्यातून तो जातो, हरलेल्याचा पराभव तसाच राहतो. प्रतिस्पर्धी काही विजयी ठरत नाही. सामना बहाल केला तरच निकाल उलटतो. रद्द विजयाचं उदाहरण याच संघाच्या इतिहासात उलट बाजूने सापडतं. २००८ च्या अंतिम सामन्यात कॅन्ससने मेम्फिसला हरवलं, नंतर मेम्फिसचा तो अख्खा हंगाम रद्द झाला, कारण त्यांच्या एका खेळाडूचे प्रवेशपरीक्षेचे गुण अवैध ठरले. कॅन्ससचं विजेतेपद शाबूत, उपविजेता कागदावर गायब. तुमच्या सहाव्या रकान्यात मात्र मेम्फिसचं नाव राहिलंच पाहिजे. दोन मिनिटं आणि थोडे सेकंद उरले असताना ६०-५१ असा मागे पडलेला संघ, २.१ सेकंद उरताना मारिओ चाल्मर्सने बरोबरीत आणलेला सामना, जादा वेळेत ७५-६८: हे कुणाविरुद्ध झालं ते न लिहून चालेल कसं?

शिक्षा झाली म्हणजे सगळं रद्द, असंही नसतं. १९८८ च्या विजेत्या संघाला लगेच पुढच्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत उतरायला बंदी झाली. गतविजेत्याला अशी बंदी होण्याची ती पहिलीच वेळ. पण आरोप खेळाडूंना संघात ओढण्याच्या पद्धतीबद्दल होते, विजेतेपद काढून घेतलं गेलं नाही. म्हणून प्रत्येक प्रकरणात नेमकी शिक्षा काय झाली ते लिहा, "कारवाई झाली" हे पुरेसं नाही. १९८८ चा संघ तसाही वेगळाच: २७ विजय आणि ११ पराभव, इतके सामने हरून राष्ट्रीय विजेता झालेला दुसरा संघ नाही. अंतिम सामन्यात ओक्लाहोमाविरुद्ध ८३-७९, त्यात डॅनी मॅनिंगचे ३१ गुण आणि १८ रिबाउंड.

जिथे बहुतेक लेख घसरतात तो भाग आता. वेगवेगळ्या काळातले गुण शेजारी ठेवून तुलना करू नका, कारण मधल्या काळात खेळच बदललाय. १९३७-३८ पूर्वी प्रत्येक बास्केटनंतर मधल्या वर्तुळात जंप बॉल (दोघांमध्ये चेंडू वर उडवून पुन्हा सुरुवात) व्हायचा, गुण कमी असणारच. कॉलेज खेळात शॉट क्लॉक (चेंडू मिळाल्यावर ठरलेल्या वेळात टोपलीकडे फेकायचं बंधन) आलं १९८५-८६ ला, ४५ सेकंदांचं. ते १९९३-९४ ला ३५ आणि २०१५-१६ ला ३० झालं. थ्री पॉइंट सगळीकडे लागू झाला १९८६-८७ पासून. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात खेळायची मुभा १९७२-७३ ला मिळाली. या तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

यातलं शॉट क्लॉक नसणं म्हणजे काय, ते १९५७ च्या अंतिम सामन्यात दिसतं. नॉर्थ कॅरोलिना त्या हंगामात अपराजित, आदल्या रात्रीच मिशिगन स्टेटशी तीन जादा डाव खेळून आलेला. कॅन्ससकडे सात फुटांवर उंचीचा चेंबरलेन. सुरुवातीच्या जंप बॉलला नॉर्थ कॅरोलिनाचे कोच फ्रँक मॅग्वायर यांनी त्याच्यासमोर संघातला सगळ्यात बुटका खेळाडू, सहा फुटांनाही न पोचणारा टॉमी कर्न्स, उभा केला. चेंडू मिळणार नव्हताच, मग उंच माणूस त्यात का घालवा? वेळ संपली तेव्हा ४६-४६. पहिल्या जादा डावात दोघांनी दोन-दोन गुण केले. दुसऱ्यात एकही नाही, ४८-४८ तसंच. दहा मिनिटांत मिळून चार गुण. आजच्या वाचकाला वाटेल खेळाडू दमले किंवा घाबरले. कारण सोपं आहे: चेंडू हातात धरून उभं राहायला तेव्हा नियमाची आडकाठी नव्हती, आणि चूक करणारा हरणार हे दोघांनाही कळत होतं. तिसऱ्या डावात सहा सेकंद उरले असताना जो क्विगने दोन फ्री थ्रो घातले, ५४-५३. मग चेंबरलेनकडे निघालेला पासही क्विगनेच अडवला. चेंबरलेनचे २३ गुण, १४ रिबाउंड, आणि हरूनही स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू तोच.

या सामन्याला कॅन्ससचे कोच डिक हार्प होते. ॲलननी चेंबरलेनला प्रशिक्षण दिलं असं पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं, तुम्ही त्यात पडू नका. ॲलननी त्याला कॅन्ससला आणलं हे खरं. पण १९५५-५६ मध्ये तो पहिल्या वर्षाला होता, म्हणजे मुख्य संघात खेळू शकत नव्हता, आणि त्याच वर्षी ॲलन सत्तरीचे झाले. नियमाने निवृत्ती. त्यांच्याच नावाचं ॲलन फील्डहाऊस, म्हणजे संघाचं बंदिस्त मैदान, १ मार्च १९५५ ला कॅन्सस स्टेटविरुद्धच्या ७७-६७ विजयाने उघडलं होतं. स्वतःच्या नावाच्या इमारतीत त्यांना जेमतेम एक हंगाम आणि थोडे दिवस मिळाले.

दोन चुका भूगोलाच्या. संघ लॉरेन्स गावचा, कॅन्सस राज्यातला. १९४०, १९५३, १९५७ आणि १९८८ चे अंतिम सामने कॅन्सस सिटीत झाले, आणि ती कॅन्सस सिटी मिसुरी राज्यात आहे. लॉरेन्सहून जवळ, प्रेक्षक आपले, पण "घरच्या मैदानावर" लिहिलंत तर कुणीतरी पत्र पाठवणारच. आणि कॅन्सस स्टेट हे वेगळं विद्यापीठ, मॅनहॅटन नावाच्या गावातलं (न्यूयॉर्कचं मॅनहॅटन मनात आणू नका). कॉन्फरन्सच्या रकान्यात १९०७ पासून मिसुरी व्हॅली, १९२८ पासून बिग सिक्स, मग सेव्हन, मग एट, १९९६ पासून बिग ट्वेल्व्ह. संघ वाढत गेले तशी नावं बदलली, प्रत्येक वेळी कॅन्सस कुठे "गेला" असं लिहायची गरज नाही.

वहीत न मावणारी एक गोष्ट लेखात हवीच. १९३३ ते १९३६ या काळात जॉन मॅक्लेंडन कॅन्ससला शिकत होते, नेस्मिथ त्यांचे मार्गदर्शक. ते कृष्णवर्णीय असल्यामुळे संघात खेळू शकले नाहीत. पुढे कोच म्हणून त्यांनी टेनेसी ए अँड आय कॉलेजला १९५७, १९५८ आणि १९५९ अशी सलग तीन वर्षं एनएआयए ही छोट्या कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकून दिली. कॅन्ससच्या निकालांच्या तक्त्यात त्यांचं नाव कुठेच येत नाही. मुख्य संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, लाव्हॅनेस स्क्वायर्स, आला तो पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला. चेंबरलेनही कृष्णवर्णीय होता; त्याच्या प्रकरणाआधी हे दोन परिच्छेद आले तर त्याच्या येण्याचं वजन कळतं.

गुरुशिष्यांची परंपरा हा या इतिहासाचा सगळ्यात श्रीमंत भाग, आणि मराठी वाचकाला घराणं म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. नेस्मिथचे शिष्य ॲलन. ॲलनच्या १९२२-२३ च्या संघात बाकावर बसलेला ॲडॉल्फ रप १९३० मध्ये केंटकीला गेला आणि तिथे ८७६ सामने जिंकला. १९५२ च्या विजेत्या संघातला डीन स्मिथ नॉर्थ कॅरोलिनाला १९६१ ते १९९७ मुख्य कोच राहिला, ८७९ विजय. स्मिथचा खेळाडू लॅरी ब्राऊन कॅन्ससला आला आणि १९८८ जिंकला. स्मिथचा सहायक रॉय विल्यम्स पंधरा हंगाम कॅन्ससला राहिला, एकदाही विजेतेपद न मिळता, आणि २००३ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाला परतून तीन जिंकला. २०२२ च्या अंतिम सामन्यात मध्यंतराला २५-४० असा मागे असलेला कॅन्सस ७२-६९ जिंकला, तो याच नॉर्थ कॅरोलिनाविरुद्ध. केंटकी, नॉर्थ कॅरोलिना आणि कॅन्सस एकमेकांशी विजयांच्या संख्येवरून भांडतात, ते एकाच वाड्यातले चुलते आहेत.

क्रम विचारलात म्हणून सांगतो. १८९१ पासून सुरुवात करू नका, पीचच्या टोपल्यांवर तिसरं पान संपतं आणि संघ अजून मैदानात आलेला नसतो. १९५६-५७ चा हंगाम आधी लिहून काढा. त्यात जुना कोच, नवा कोच, नवी इमारत, रंगभेद, शॉट क्लॉक नसलेला खेळ आणि नॉर्थ कॅरोलिना हे सगळं एकदम हाताशी येतं, तिथून मागे आणि पुढे जाता येतं. वहीचे पहिले वीस हंगाम भरून झाले की कोचनिहाय बेरीज इथे टाका. ॲलनच्या रकान्यात ५९८ दिसले तर एंगलमनचे आठ त्यात मिसळलेत, एवढं आधी तपासा.